चाबी लागली म्हंजे गाडी माही

अन वरून मलेच म्हनते, डोळे होते का नव्हते! आता तुमाले सांगतो, मंगरूळपीरच्या बाजारात हा शेषराव इतके वर्सं भाजीचा व्यापार करून राह्यला, ढिगातलं एक वांगं उचललं की सांगतो, हे कोनाच्या वावरातलं, कोन्या विहिरीच्या पान्याचं... माही वळख कधी चुकत नाई. अन अशा मानसाले घरची बायको विचारते, सोताची गाडी वळखू नाई आली का?

झालं काय, आमची सुचिता वाशीमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकते, तिच्या मनात भरला मानोऱ्याकडच्या रंगरावचा धीरज. ते येऊन पोरगी पाहून गेले, आता आमी पोराचं घर पाहाले जायचं, रिवाजच हाय तसा. मी अन माही बायको आवडाबाई गेलो. घर चांगलं, वावरात भेंडी-मिरची, मानसं मोकळी, पोहे तिखट, चहा गोड. निघतानी अंगनात दोन काळ्या मोटरसायकली उभ्या, एकाच कंपनीच्या, दोघीबी म्हाताऱ्या. मी चाबी घातली, फिरली, आवडाबाई मागं बसली, आलो घरी. चाबी लागली म्हंजे गाडी माही, याच्यात इचार कराचं काय हाय?

दुसऱ्या दिवशी पाहातो त आरसा नाई. म्हनलं, त्यायच्या अंगनातून कोनं तरी काढला. सीट फाटकं. म्हनलं, गावच्या पोट्ट्यायनं ब्लेड मारलं. ब्रेक पहिल्यापेक्षा झ्याक लागे, म्हनलं, मानोऱ्याच्या रस्त्याच्या दणक्यानं बसला असन जागेवर. टाकीत पेट्रोल जास्त! म्हनलं, पाहा बरं, चोर असले तरी पोरीच्या बापाचा, इवायाचा मान ठेवतात. तुमी म्हनसान, नंबर काहून नाई पाह्यला? अहो, सोताच्या गाडीचा नंबर कोन पाहाते? बायको बाजारातून आली की आधार कार्ड पाहून घरात घेता का? माही वळख कधी चुकत नाई!

मंग लावला फोन. गोड बोलूनच म्हनलं, का बा, तुमच्या अंगनातून आमचा आरसा गेला, जरा शेजारीपाजारी पाहा. त रंगराव असे चढले... म्हने, आमच्या घरी का चोर जेवतात? उलट तुमी येऊन गेले अन आमच्या गाडीचा ब्रेक लागेना झाला, हॉर्न शेळीवानी ओरडून राह्यला, आमी बोललो का काही? मी म्हनलं, वा! शेळीवानी त माहा हॉर्न ओरडते, आता हॉर्नबी चोरला का? त्यायनं फोन ठेवला. अन फोनासंगं सोयरीकबी ठेवली म्हना ना, दुसऱ्या दिवशी मधल्या मानसाच्या हातून निरोप आला, आमाले नाई जमत.

सुचिता जेवली नाई. सांजच्याले अंगनात येऊन माह्याजवळ बसली, हळूच म्हने,

"बाबा, गाडी तुमची असन त चाबी लागन. पन चाबी लागली म्हनून गाडी तुमचीच, असं होत नाई."

"काहून नाई?"

"घराची चाबी कपाटाले लागली, त कपाटात झोपसान का?"

आता याले काय म्हनाचं तुमीच सांगा... पोरगी पुढं म्हने, "आठवन म्हंजे बरनीतलं लोनचं नाई बाबा, काढलं की तेच. ते भाजी हाय. दरवेळी नवी करा लागते, अन घरात जे सापडन ते तिच्यात पडते. तुमी पहिले ठरोलं गाडी माही, मंग आरसा, ब्रेक, पेट्रोल, सगळं त्याच्यातच टाकून राह्यले." भाजीचं उदाहरन दिलं म्हनून मले पटलं, पन तोंडानं सांगितलं नाई. मंग सुचिता म्हने, नंबर वाचा. वाचला. माहा नव्हता.

मी छातीठोक म्हनलं, "म्हंजे हे त लयच पक्के निघाले, नंबरबी बदलला!"

पोरीनं कपाळाले हात लावला अन धीरजले फोन लावला. तिकडून तो बिचारा रडकुंडीले येऊन, "मीबी बाबाले आत्ताच नंबर दाखोला. त ते म्हनतात, शेषरावनं पाटी बदलली."

तवा कुठं पोरगी हासली. फोन माह्या हातात दिला, तिकडं त्यानं बापाच्या. दोघंबी खोकलो. मंग रंगराव म्हनतात, "तुमचं सीट मऊ हाय." मी म्हनलं, "तुमचा ब्रेक चांगला हाय." सोयरीक तिथंच जुळली, गाड्याबी ज्याच्या त्याच्या घरी गेल्या.

साखरपुड्याच्या दिवशी आवडाबाईनं मंगरूळपीरहून निघायच्या आधीच गाडीच्या हँडलले लाल रिबन बांधली. म्हने, तुमची वळख ठेवा घरी, रिबन पाहा. साखरपुडा आटपून रंगरावच्या अंगनातून निघतानी मी नीट पाह्यलं, लाल रिबन, हँडलले, पक्की गाठ. चाबी लागली, आलो घरी. आवडाबाई उतरली, गाडीभोवती एक चक्कर मारली, अन म्हने, आरसा कुठं हाय?

तेवढ्यात रंगरावचा फोन. म्हनतात, "इवाई, आमच्या घरच्या गोमतीबाईनंबी गाडीले लालच बांधली होती."

मी म्हनलं, राहू द्या आता. पोरगी त तशीबी तुमच्याकडंच येनार हाय... गाडी जरा आधी आली समजा.