पडद्यावर आलेला नंबर

केबलवाल्यांना तुम्ही खुशाल चोर म्हणा भिया, मी रागावणार नाही. मी स्वतः देवासला केबल चालवायचो. बाबांच्या नावावर एक घरगुती डिश घेतली आणि तिच्यावरूनच अख्ख्या कॉलनीला क्रिकेट दाखवू लागलो. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली होती, एवढंच.

अशी चोरी पकडायला डिशची कंपनी प्रत्येक बॉक्सला वेगळा नंबर देते आणि मनात येईल तेव्हा तो क्षणभर पडद्यावर झळकवते. हे मला ठाऊक होतं, म्हणून तो झाकायला मी पडद्याच्या तळाशी साडीच्या दुकानाच्या जाहिरातीची पट्टी लावून ठेवायचो. पण एके दिवशी नंबर वरच्या कोपऱ्यात आला.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस घरी हजर. "बाबूजी, पूरी कॉलोनी के टीवी पर आपका नंबर आया है।"

मी घाईघाईने म्हणालो, "बाबा, बॉक्स चोरीला गेला म्हणून सांगा ना!"

बाबा कारखान्यात तपासनीस होते. त्यांनी पास केलेल्या प्रत्येक गिअरवर त्यांचा नंबर ठोकला जायचा. माल खराब निघाला तर तो कुणी पास केला ते कळावं म्हणून. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"नंबर मेरा ही है," ते त्या माणसाला म्हणाले. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

"तीस वर्षं माझा नंबर ठोकून माल बाहेर पाठवला. एकही नग परत आला नव्हता. हा पहिला."