सलीमच्या गिटारची भुणभुण

चप्पल काढू नका. आवं खरंच सांगतोय, तशीच पायात असू द्या आन् या आत, बसा त्या स्टुलावर. ती उंबऱ्याजवळची नवी जोडी तेवढी हलवू नका, ती सलीमची हाय, माझ्या धाकट्या भावाची, तिचं मी मागनं सांगतो. आन् हा फोन मांडीवरच ठेवतो, वाजला तर मला मधनंच उठावं लागंल, राग मानू नका.

तर आमी मिरजेचं. अब्बा सतार-तंबोरे करायचं, त्यांचं अब्बाबी तेच. घरात आमी दखनी बोलतो, बाहेर ही मराठी, तुमच्यासारखी, म्हंजे तुमच्यासारखी न्हाई, तुमी शिकलेली माणसं, आमची आपली गावची. ह्याच खोलीत मी तंबोऱ्याला लावायच्या भोपळ्यांच्या ढिगात लोळून मोठा झालो. अब्बांनी मला पयली शिकवली ती जवारी. जवारी म्हंजे काय सांगू तुम्हाला, तंबोऱ्याच्या घोडीवर, तारा जिच्यावर टेकतात ना तिच्यावर, कानस मारून असा बारीक उतार काढायचा की तार नुसती शिवली पायजे, मंग सूर सरळ न येता झणझणत येतो आन् लांब चालतो. ती झणझण न्हाई तर वाद्य मेलेलं, आसं अब्बा म्हणायचं. आन् दुसरी शिकवण, वाद्याला चप्पल घालून हात लावायचा न्हाई. गिऱ्हाईक किती मोठं असू द्या, बाहेर पायताण काढ, मंगच तंबोरा हातात. एकदा मी चुकून चप्पल घालून आत आलो तर कानशील लाल झालं हुतं माझं.

अब्बा गेलं तवा सलीम लय लहान. माझ्याच हाताखाली वाढला, दोन्ही शिकवणी त्याला मीच दिल्या. पर त्याला तंबोरा नको, त्याला गिटार पायजे, आन् तीबी करंटवरची. आणली घरात तवा मी लय हसलो, म्हणलं ह्याला ना भोपळा ना पोट, नुसती फळी, आवाज ठेवतोस कुठं ह्यात? तर त्यानं मला तारांच्या खालचा पिकअप दाखवला. लोहचुंबक, त्याच्याभोवती केसासारखी तार गुंडाळलेली, वरची पोलादी तार हलली की खालच्या गुंडाळीत करंट हलतो आन् तो जातो लांबच्या अँपमधी, आवाज मोठा करणाऱ्या पेटीत. म्हंजे भोपळा तिकडं, अँपमधी. मला पटलं, गड्या. मंग मी सांगलीत एका रेडिओवाल्याकडं बसून सोल्डर करायला शिकलो, आन् हळूहळू ऑर्केस्ट्रावाली पोरं माझ्याकडं गिटारी घेऊन यायला लागली, की चाचा, पिकअप बदलून द्या.

आता ह्यात तीन परकार. एक सिंगल, एकाच गुंडाळीचा, आवाज पातळ, टणटणीत, पर मागं सारखी भुणभुण, आसपासच्या लायटीची. दुसरा जोडीचा, दोन गुंडाळ्या उलटसुलट, एकीची भुणभुण दुसरी खाऊन टाकती, आवाज जाड. तिसरा बॅटरीवाला, आतमधीच नऊ व्होल्टची बॅटरी, एकदम गप, साफ. पोरं विचारायची, चाचा, आवाज कशाचा भारी? मी उलटं विचारायचो, तू वाजवतोस कुठं आन् लाईट कुणाची घेतोस? ती हसायची, म्हणायची चाचा म्हातारा झाला. हसा की. सिंगल असू द्या न्हाई तर जोडीचा, भुणभुण कमी व्हावी म्हणून आतमधनं एक वायर तारांना जोडलेली असती, ती जाती अर्थिंगला. अर्थिंग धड असंल तर सगळं ब्येस. पर अँपच्या पत्र्यात करंट उतरला आन् खाली अर्थिंगच न्हाई, तर तोच करंट त्या वायरीनं उलटा येतो तारेत, आन् तारेतनं बोटात. बॅटरीवाल्याला ती वायर लागतच न्हाई. म्हणून मी सांगायचो, यात्रेत, लग्नात, जनरेटरवर वाजवणार असशील तर बॅटरीवाला घाल बाबा.

सगळ्यांनी ऐकलं असंल नसंल, सलीमनं न्हाई ऐकलं. त्याच्या गिटारला तीन सिंगल. मी म्हणलं काढू या, तर तो ती भुणभुण चालू ठेवून डोळं मिटून बसला आन् म्हणाला, भाई, ही काढू नको, ही जवारी हाय. खरं सांगू, मला भरून आलं. आख्ख्या जिल्ह्यात गिटारच्या भुणभुणीत जवारी ऐकणारा दुसरा कोण गावायचा न्हाई, ते आमच्याच घरात व्हायचं. पर ती जवारी न्हवती. जवारी लाकडातनं येती, ही भिंतीतल्या लायटीतनं येत हुती. मी सांगितलं त्याला. हसला.

आन् वाजवायचा अनवाणी. स्टेजच्या पायरीला चप्पल काढणार, फळीला हात लावून कपाळाला लावणार, मंग गिटार गळ्यात. लोकांना लय आवडायचं, गिटारवाला असून रीत पाळतो म्हणायचं.

पयली खूण विट्यात मिळाली, एका लग्नात. घरी आल्यावर सहज बोलला, भाई, आज बोटांना मुंग्या येत हुत्या. मी जेवत हुतो, घास तसाच राहिला. म्हणलं थंडीनं आल्या का मुंग्या? तर म्हणतो रंगात आलं की येतात. त्या दिवसापासनं तो कार्यक्रमाला गेला की माझं हितं हातात काम टिकंना. लाकडावर कानस चालायची आन् कान रस्त्याकडं.

मंग वडूजकडच्या एका गावची यात्रा. मी मुद्दाम गेलो संगं. दिवस मावळायला आला हुता, कार्यक्रम सुरू व्हायचा हुता, नुसतं वाजवून बघणं चाललं हुतं. तिकडं धुरळा लय, म्हणून टँकरनं आख्खं पटांगण भिजवलेलं, स्टेज म्हंजे जमिनीवरच टाकलेल्या चार फळ्या, त्याबी वल्ल्या. सलीम अनवाणी. मी समोर खुर्चीवर. आता हे नीट ऐका. तारेला बोट लागलं की सिंगलची भुणभुण कमी व्हती, नेहमीचं हाय ते. त्या दिवशी त्यानं तारेवर बोट ठेवलं आन् भुणभुण वाढली, म्हंजे खाली अर्थिंग न्हाई, करंट तारेत उतरलाय. मी उठलो. म्हणलं सलीम, सोड! पर तिकडं कर्ण्यावर देणगीदारांची नावं चाललेली, माझा आवाज कुठं जाणार. त्यानं माझ्याकडं बघितलं, हसला, त्याला वाटलं मी शाबासकी देतोय, आन् पंजा टाकला पुरा.

तो वरडला न्हाई. तेच मला अजून खातंय, तोंड उघडं आन् आवाज न्हाई. हात तारांना चिकटलेला, सुटंना. त्यांच्या ऑर्केस्ट्राचा ड्रमवाला प्रकाश, त्याच्या पायात रबरी बूट हुतं, त्यानं धावत जाऊन मागची केबलच उपसली, तवा सलीम खाली पडला. डाव्या हाताच्या बोटांवर तारांच्या रेघा उठलेल्या, काळ्या.

वाचला. दवाखान्यातनं चालत घरी आला. पर डाव्या हाताच्या दोन बोटांतलं भान गेलं. हलतात, तार दाबतात, पर कळत काय न्हाई, गरम न्हाई, गार न्हाई. मी चहाचा कप लावून बघितला, तो माझ्याच तोंडाकडं बघत बसला. मला वाटलं, बास, सुटला आता. कशाचा सुटतोय! महिना झाला न्हाई तर गिटार माझ्यापुढं ठेवली. मी न विचारता तिन्ही सिंगल उपटले, लाकूड कोरून खाच मोठी केली, बॅटरीवालं बसवलं, तारांची ती वायर कापून टाकली. त्यानं वाजवलं. बराच वेळ वाजवलं. मंग गिटार खाली ठेवून म्हणाला, भाई, बोटांना काय कळत न्हाई माझ्या. तारेला बोट टेकलं की भुणभुण दबायची, त्यावरनं कानाला कळायचं. आता कानालाबी कळंना झालं तर मी वाजवू कशानं?

मी चिडलो, शिव्या दिल्या, भोपळा आपटला एक. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंगल परत बसवले, कापलेली वायरबी जोडली. कोरलेलं लाकूड परत येत न्हाई, खाचंत पट्ट्या ठोकून बसवलेत, दिसायला वंगाळ, आवाज तोच. पर अट घातली. सिंगल पायजेत तर पायात रबरी चप्पल पायजे. तो म्हणाला, वाद्याला चप्पल घालून हात लावायचा न्हाई, तूच शिकवलंस. मी म्हणलं, मी शिकवलं तर मीच मोडतो. आन् ह्या खोलीत, अब्बांच्या हत्यारांपुढं, चप्पल घालून बसलो आन् तंबोरा मांडीवर घेतला. सलीमनं मान खाली घातली. घोडीवर कानस वाकडी गेली, जवारी बिघडली त्या तंबोऱ्याची. तवापासनं मी चप्पल काढत न्हाई हितं, आन् कुणाला काढू देत न्हाई. सांगलीवरनं ही जोडी मीच आणली, जाड तळाची. दोन-तीन कार्यक्रमांना घालून गेला. परतून आला की मी आधी पाय बघायचो, मंग तोंड.

आज उंब्रजला त्यांचा कार्यक्रम हाय. दुपारीच गाडी आली. मी नमाजाला गेलो हुतो, येऊन बघतो तर गिटार न्हाई, सलीम न्हाई आन् जोडी उंबऱ्याशी, तुमी बघितलीत तशी, नीट जुळवून ठेवलेली. घाईत विसरला का ठेवून गेला, ते मला कळंना. विसरलेली चप्पल अशी जुळवून ठेवतं का कोण? फोन लावतोय, उचलत न्हाई. प्रकाशला लागला, त्याला म्हणलं तुझं बूट दे त्याला, तो बरं म्हणाला, पर ड्रमचा आवाज एवढा, त्याला काय ऐकू गेलं कुणास ठाऊक. आन् पयलं निदान मुंग्या तरी यायच्या त्याला. आता मुंग्या आल्या तरी त्या बोटांना कळणार न्हाईत.

तुमी निघा आता, दिवस मावळला, तिकडं सुरू झालं असंल. जाताना त्या जोडीला पाय लागू देऊ नका. तो आला की मी म्हणणार हाय, घाल पायात आन् तसाच आत ये, अब्बांच्या खोलीत. अल्ला त्याला त्याच्या पायानं आणो. लाईट तेवढी लावून जा दारातली, मी फोन सोडून उठत न्हाई.