उजव्या हाताची नखं

चामराजपेटेत बसच्या रांगेत नयनापुढे एक म्हातारी होती, शेजारी गिटार घेतलेला तिचा मुलगा.

"त्रिविक्रमा, उद्या तुझ्या वडिलांचं श्राद्ध. नखं काप."

"डाव्या हाताची कापलीत, अम्मा. उजवी रविवारी."

"श्राद्ध रविवारपर्यंत थांबणार होय?"

"रविवारी बरोकचं रेकॉर्डिंग आहे."

"तुझं ते दोनशे वर्षं जुनं जर्मन संगीत? ते थांबेल की स्वल्प, एक-दोन दिवस."

"टेपरेकॉर्डर एकाच दिवसापुरता मिळालाय. आणि तारा या नखांनीच छेडायच्या."

"पिंड उजव्याच हातानं द्यायचा. भटजी काय म्हणतील?"

"अण्णा तर रोज पॉलिश पेपरनं घासून द्यायचे मला ही नखं."

म्हातारीनं त्याचा उजवा हात हातात घेऊन नखं निरखली. बस आली, तरी दोघं हलली नाहीत; नयनाही ऐकत तिथंच रेंगाळली.

"असू देत मग. पिंड त्यांना द्यायचाय, भटजींना नाही."