फादरांचा गुरुवारचा वर्ग

मंडळी, मला भाषण येत नाही. मी रामदास, नाशिक रोडला बोर्ड रंगवायचो. फ्लेक्स आल्यापासून तेही बंद झालं. आज आपण फादर अँथनींसाठी जमलोय. चुकलो तर सांभाळून घ्या.

फादर दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये वर्ग घ्यायचे. गेल्या शतकातल्या कॅथलिक विचारवंतांनी कलेविषयी, समाजाविषयी काय म्हटलंय, ते साध्या मराठीत सांगायचे. नोटांच्या प्रेसमधले कामगार यायचे, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले दोघं यायचे. मी हिंदू, घरी फुलशेती, तरी जायचो. फादरांनी कधी धर्म काढला नाही.

चर्चमधली क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूला क्रूसावर चढवायला नेतात त्याची, चौदा चित्रं माझी. ती काढताना मी अनवाणी असायचो, मटण सोडलं होतं, एकवेळ जेवायचो. येशूला क्रूस उचलू लागणारा एक माणूस त्यात आहे ना, तो मी अगदी भाविक काढला. फादरांनी बघितलं. म्हणाले, "खांदा चुकलाय." मी म्हणालो, "फादर, उपास करून काढलंय." तर म्हणाले, "उपासानं खांदा सुधारत नाही, रामदास. चित्र चांगलं काढ, देवाला तेवढं पुरे." मला झोंबलं. पण मग तीन दिवस स्टेशनावर हमाल बघत बसलो आणि खांदा पुन्हा काढला.

कलेबद्दल ते हेच शिकवायचे. काम नीट करा. आणि समाजाबद्दल एकच सांगायचे, माणूस कुणाच्या सोयीसाठी नसतो. किती वेळा सांगायचे? दर गुरुवारी.

मग रेल्वेलाइनजवळच्या वस्तीचं प्रकरण झालं. 'झोपड्या हटवा, शहर सुंदर करा' असा भलामोठा बोर्ड चौकात लागला. वस्ती पाडू नये म्हणून फादर तिथल्या बायकांबरोबर महापालिकेच्या साहेबांच्या दारात जाऊन बसले. मंडळी, तो बोर्ड मी रंगवला होता. खाली सही केली नाही, म्हणून तुम्हाला माहीत नाही.

वर्ग सुटल्यावर मी फादरांना एकटं गाठलं. ठसक्यात म्हणालो, "तुम्हीच म्हणता ना, काम नीट करा? एक अक्षर वाकडं दाखवा." ते म्हणाले, "अक्षरं फार सुंदर आहेत. वस्तीतल्या एका तरी माणसाशी बोललास का?"

मी तसाच निघून आलो. पुन्हा कधी वर्गाला गेलो नाही. अर्धी वस्ती पाडली. फादरांनी माझं नाव कुणालाही सांगितलं नाही. रस्त्यात भेटले की, "काय रामदास, बरं आहे ना?" एवढंच. प्रत्येक वेळी माफी तोंडाशी यायची आणि मी गिळायचो. लाज वाटायची हो. परवा ते गेले. आता त्यांची माफी कशी मागू?

मागे वस्तीतल्या मावश्या बसल्यात. मावशी, तुमची घरं गेली, त्यात माझाही हात आहे. मला माफ करा. नाही केलंत तरी माझी तक्रार नाही.

आता फादरांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. मावशी, तुम्ही इथं पुढे या. मी मागे दाराशी जाऊन उभा राहतो.