दंडातला उजेड

येरमाळ्याहून सोलापूरला निघालेल्या एसटीत तेरखेड्याच्या ताहेराबी आणि त्यांची सून फरहाना माझ्या पुढच्या सीटवर होत्या.

“अम्मी, पिशवी इकडं द्या. कालपासून काही उचलू नका म्हणलंय डॉक्टरांनी.”

“घे बाई. मागल्या टायमाला आदल्या दिवशी फटाक्याच्या वाती वळत बसले, तर स्कॅनमधी दोन्ही दंडच उजळले.”

“अन् काखेतली लिम्फोमा कॅन्सरची गाठ त्या उजेडात दडून बसली. म्हणून तर परत चाललोय.”

“उपाशी कशापायी ठेवत्यात गं?”

“सुई देऊन अंगात साखर सोडत्यात. जी जागा लई भुकेली, राबलेल्या दंडासारखी, ती साखर ओढती अन् उजळती.”

“म्हणजी उजळली ती बिमारीच?”

“न्हाय. बिमारीशी लढणारे अंगातले शिपाईबी भुकेले असत्यात. दोघंबी उजळत्यात. कोण कुठं हाय, तेच डॉक्टरांना बघायचंय.”

“बघू दे नीट. ह्या टायमाला मधी माझे दंड येणार न्हाईत.”

“अम्मी, वळण आलं, पुढचा दांडा धरा!”

“म्या न्हाय धरत. तू मला धर.”