मुळा धरणाच्या काठावरची बाई

तुम्ही राहुरीकडच्या नाही, म्हणून सांगते. उन्हाळ्यात मुळा धरणाचं पाणी ओसरलं की काठावर पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसायची, नावं घेऊन हाका मारायची, असं आमच्याकडं सगळे सांगतात. लग्नानंतर एकदा मी ही भुताची गोष्ट सासूबाईंना अगदी रंगवून सांगितली. त्या मेथी निवडत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "ती माझी आई हुती."

मेथीची दुसरी जुडी सोडत त्या पुढं सांगू लागल्या,

"धरणात आमचं गाव गेलं, मानसं पांगली. पानी उतरलं की आई जुन्या घराच्या जागेवर जायची, शेजारनींना हाका मारायची."

"मग तुम्ही लोकांना खरं का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. पन गावाचं सांगाया लागलं की लोक उठून जात्यात. भुताचं मातर बसून ऐकत्यात."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. म्हटलं, "तुमचं घर कुठं होतं, ते सांगा."