चंद्रीचा जबाब

"दादा गेला हे आता म्हशीला कोण सांगणार?" दादाच्या मातीहून परतल्यावर मी घरात विचारलं. पंधरवड्यात त्याची चंद्री म्हैस चोरीला गेली. पोलिसांनी तिचा फोटो आपल्या फेसबुक पेजवर टाकला आणि ती बिद्रीजवळ एका गोठ्यात सापडली.

"म्हस माझीच हाय की!" गोठेवाला ओरडला.

"पावणं, तुमचा पुरावा?" हवालदारांनी मला विचारलं.

आमच्याकडं दिवाळीत म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागं पळवतात. मी येताना आणलेली दादाची मोटारसायकल जोरात रेस केली. चंद्री दावं तोडून, गोठेवाल्याला शेणात लोळवून माझ्यामागं पळत सुटली.

"घ्या, म्हशीनंच जबाब दिला!" हवालदार हसले.

त्यांनी व्हिडिओ पेजवर टाकला. पहिला लाईक मी दादाच्या फोनवरून दिला आणि मगच तो फोन बंद केला.